खिडकीची जागा

इंदापूर,
दि. २ जून २०२४

चि. ताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा मी सुखरूप पोहोचलो हे तुला फोनवर कळलेच आहे. तरीही पत्र लिहितो आहे, कारण फोनवर बोलताना तुझी आई शेजारी बसलेली असते, आणि व्हॉट्सॲपवर काही विचारले की तुझ्याकडून उत्तर म्हणून नुसता अंगठा येतो. हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर न पाठवता कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवीत आहे. त्याचे कारण तुझ्या लक्षात येईल. विमानतळाकडे जाताना आपण गाडीत पाऊण तास एकमेकांशी बोललो नाही. मी आत जायला निघालो तेव्हा "खिडकीची जागा घेतली आहे, डाव्या बाजूची," एवढेच तू म्हणालीस. आदल्या रात्रीचा विषय पुन्हा काढायचा नाही असे मी त्याच वेळी ठरवले होते, म्हणून या पत्रात तो नाही. खिडकीतून मला काय दिसले, तेवढेच सांगतो.

बत्तीस वर्षे मी फळ्यावर नद्या काढल्या. डोळे मिटूनही भीमेची रेघ भीमाशंकरपासून रायचूरजवळ कृष्णेला मिळेपर्यंत ओढून दाखवीन, असे मी मुलांना म्हणत असे आणि एकदा तसे करूनही दाखवले होते. परंतु ज्या उंचीवरून नकाशे काढलेले असतात, त्या उंचीवरून जमीन पाहण्याचा प्रसंग वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत आला नव्हता. तू तिकीट काढलेस तेव्हा रेल्वे काय वाईट होती, असे मी म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो. शेजारच्या तरुणाने बसल्या बसल्या खिडकीची झडप खाली ओढण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा मी त्याला अशा स्वरात "राहू द्या" म्हणालो की तो बिचारा एकदम ताठ बसला. वर्गातला आवाज अजून शाबूत आहे म्हणायचा.

हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून वर चढताना खाली ग्रॅनाइटच्या गोल शिळा, त्यांच्यामधून विखुरलेली तळी आणि तांबूस माती दिसत होती. थोड्या वेळाने ती तांबूस माती हळूहळू काळवंडत गेली आणि मग सपाट माथ्याचे, काळ्या शेतांचे आपले पठार सुरू झाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेला तो लाव्हा मी दरवर्षी दीड तासिकेत संपवीत असे. तिकडची जमीन कोठे संपते आणि आपली कोठे सुरू होते हे राज्याच्या सीमेवरून कळत नाही, रंगावरून कळते. हे वाक्य मला बत्तीस वर्षांत सुचले नाही आणि आता ते ऐकायला वर्ग नाही. नांगरून ठेवलेली रिकामी शेते होती. मधूनमधून शेततळ्यांचे प्लास्टिक आरशासारखे चमकून जात होते.

पुढे एका वळणदार नदीच्या बेचक्यात काळसर तट दिसल्यासारखे झाले. मी तो नळदुर्ग धरला. बोरी नदी आणि तिच्यावर बांधलेला तो पाणी महाल तुला आठवतो का? तू चौथीत होतीस. आमच्या शाळेची तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट अशी सहल होती आणि तू हट्टाने माझ्याबरोबर आली होतीस. पाणी महालाच्या पायऱ्यांवर तू पडलीस, हे मला संध्याकाळी अक्कलकोटला समजले, तेही तुझा पायमोजा रक्ताने कडक झालेला तुझ्या मैत्रिणीने दाखवला म्हणून. दिवसभर तू फ्रॉक गुडघ्यावर ओढून बसली होतीस, आणि मी तीनदा विचारले तरी तिन्ही वेळा "काही नाही अण्णा" म्हणालीस. तेव्हा मला कौतुक वाटले होते. माझी मुलगी किती सोशिक आहे, असे मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांना सांगितले. आता वाटते, त्या दिवशी कौतुक करण्याऐवजी दोन शब्द रागावलो असतो तर बरे झाले असते.

तुझ्या ड्रॉवरमध्ये मी हात घालायला नको होता, हे मला मान्य आहे. पिल्लूला चित्र काढायला पेन्सिल हवी होती म्हणून तो उघडला. त्यात फाइल निघेल याची मला कल्पना नव्हती. परंतु फाइल निघाल्यावर ती मी वाचली, आणि वाचल्यावर गोळ्याही मोजल्या, हे मात्र पेन्सिलीसाठी नव्हते. रक्तदाबाचे १६४ आणि १०२ हे आकडे काय असतात हे समजायला डॉक्टर असावे लागत नाही. पंधरा गोळ्यांच्या पाकिटात अकरा शिल्लक होत्या आणि चिठ्ठीवरची तारीख मार्चमधली होती. हृदयाचा इको करून घ्यावा, असेही त्यात लिहिलेले होते. तो केल्याचा कागद मला दिसला नाही.

पाहा, विषय काढायचा नाही असे वरच म्हणालो होतो. पुढचे सांगतो.

सोलापूर डावीकडे धुरकट हवेत राहिले असावे. वैमानिकाने उतरणीला लागल्याचे सांगितले, कान दडपले, आणि तेवढ्यात पुढे पाणी दिसले. त्या भागात एवढे पाणी दुसरे नाही. एकेचाळीस दरवाजांचे ते धरण वरून एखाद्या शेताच्या बांधाएवढे होते. तिथून पुढे चार-पाच मिनिटे विमान जणू नदीचाच काठ धरून पुण्याकडे चालले होते, आणि तेवढा वेळ मी खिडकीला कपाळ लावून बसलो होतो. उजनी सध्या उणे साठ टक्क्यांच्या आसपास आहे, हे तू बातम्यांत वाचले असशील. एकूण ११७ टीएमसीच्या या धरणात त्रेसष्ट टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोजतात; त्यामुळे वर्तमानपत्रात धरण उणे दाखवले तरी तळाशी तीसएक टीएमसी पाणी असतेच. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. (तुला हे पाठ आहे. सवयीने लिहून गेलो.)

परंतु पाणी इतके खाली गेल्यामुळे मला जे दिसले, ते भरल्या धरणात कधीच दिसले नसते. दोन्ही बाजूंना करड्या, भेगाळलेल्या गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडले होते, आणि त्यांच्या मधोमध जुन्या भीमेचे पात्र तिच्या मूळच्या वळणांसह ओळखू येत होते. माझ्या लहानपणीची नदी, ताई. डिकसळचा जुना रेल्वेपूल काडीएवढा दिसला, त्याच्यावरून मी दिशा धरली, आणि अलीकडे मोजत आलो. करमाळ्याच्या बाजूला नदी जिथे कोपरासारखी वळते, त्या कोपराच्या आतल्या अंगाला आपले जुने गाव होते. त्या जागी एक फिकट डाग होता. घरांच्या जोत्यांचे दगड असतील किंवा नुसता वाळलेला गाळ असेल. तेच गाव, असे मी मनाशी ठरवून टाकले.

पळसनाथाच्या देवळाचे शिखर वरून दिसले, असे मी तुझ्या आईला घरी आल्यावर सांगितले. ते खरे नाही. एवढ्या उंचीवरून देऊळ दिसत नाही. तिला आनंद व्हावा म्हणून म्हणालो, आणि म्हणताना लक्षात आले की खोटे बोलण्याची कला आपल्या घरात कोणी कोणाला शिकवावी लागत नाही.

तुझ्या पणजोबांचा वाडा त्या कोपराच्या सगळ्यांत उंच भागावर होता. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येत असे. वाळूत टरबुजे आणि काकड्या होत, आणि पलीकडच्या काठावर बाजाराला जायचे तर धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतले की झाले. आज त्याच दोन काठांमध्ये बोटीशिवाय जवळचा मार्ग नाही. बारा दिवसांपूर्वी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जीव गेले. त्या दिवसापासून तुझी आई पाण्याकडे पाहतसुद्धा नाही. आपल्या घराच्या अंगणात जोंधळ्याचे पेव होते, माणूस आत उतरून उभा राहील एवढे खोल. त्याच्या तोंडावरचा दगड काढल्यावर येणारा उबट वास मला अजून येतो.

आजोबांना भूसंपादनाची नोटीस आली तेव्हा त्यांनी ती देव्हाऱ्यामागच्या फळीवर ठेवून दिली आणि घरात कोणालाही सांगितले नाही. आम्हांला कळले ते भिंतीवर चुन्याने आकडा टाकायला माणसे आली तेव्हा. त्यानंतरही ते म्हणत की पाणी येईल ते मारुतीच्या पायरीपर्यंत, फार तर चावडीपर्यंत. आपला वाडा उंचावर आहे. गावातले शहाणे लोक उन्हाळ्यातच तुळया, चौकटी, दारे उतरवून गाडीवर घालून नव्या गावठाणाच्या माळावर घेऊन गेले. आजोबा त्या गाड्या जाताना पाहत आणि हसत. ते अडाणी नव्हते. सातवी पास होते, गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनीच लिहून दिले होते. स्वतःच्या घराचा मात्र लिहिला नाही.

मी नववीत होतो. पाणी येताना पुरासारखे आवाज करीत येत नाही, ताई. सकाळी उठून पाहिले की ते कालच्यापेक्षा दोन बोटे पुढे आलेले असते, एवढेच. चार दिवस काहीच होत नाही, आणि माणसाला वाटते की थांबले. मग मुंग्या घरात शिरतात, उंदीर शिरतात, त्यांच्यामागे साप येतात. मारुतीची पायरी बुडाली तेव्हा आजोबा म्हणाले, आता थांबेल. आम्ही श्रावणात, भर पावसात, एका रात्रीत निघालो. चौकटी राहिल्या, पाटा राहिला, आणि पेवातले जोंधळे तसेच राहिले. उजनी १९८० साली पूर्ण झाली, असे मी नंतर मुलांना शिकवीत असे. माझ्या दृष्टीने ती त्या श्रावणातल्या रात्रीच पूर्ण झाली होती.

तुझ्या आजीबद्दल मी तुला फारसे कधी सांगितले नाही. तू तिला फोटोतही नीट पाहिलेली नाहीस, कारण नीट असा फोटोच नाही. माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सदैव डोक्याला फडके बांधून असे. डोके ठणकते म्हणाली की सुंठ उगाळून कपाळावर लावायची, एवढाच उपाय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असे ती म्हणे, आणि आम्ही पोरे हसत असू, कारण माळावर काजवे कोठून येणार? समोर नजर पोहोचेल तिथवर पाणी होते आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागे. अशाच एका सकाळी टँकरवरून भरलेला हंडा तिने दारात उतरवला, भिंतीला टेकून बसली, आणि पुन्हा उठली नाही. एक बाजू लुळी पडली होती. तिसऱ्या दिवशी गेली. तिचा रक्तदाब आयुष्यात कोणी एकदाही मोजला नव्हता. ती ४१ वर्षांची होती. तुला येत्या ऑगस्टमध्ये ३९ पूर्ण होतील.

तुझा दाब कोणीतरी मोजला आहे, आकडा कागदावर लिहून दिला आहे, आणि गोळीही दिली आहे. पुण्यामुंबईचे नव्हे, हैदराबादसारख्या शहरातले सगळे डॉक्टर तुझ्या हाकेच्या अंतरावर आहेत. अशा वेळी "ॲसिडिटी आहे, अण्णा" असे तू मला सांगतेस, रात्री दीडपर्यंत अमेरिकेच्या लोकांशी बैठका करतेस, जेवणाच्या डब्यावर लोणचे आणि पापड घेऊन बसतेस आणि चक्कर आली की भिंत धरून उभी राहतेस, हे मी दहा दिवस पाहिले. शिकलेल्या माणसाने असे वागावे का? तू ज्यांना कामे वाटून देतेस, त्यांच्यापैकी एखाद्याने दिलेले काम मार्चपासून असे बाजूला टाकून ठेवले असते, तर तू त्याला काय म्हणाली असतीस?

हा परिच्छेद आता पुन्हा वाचला. खोडावासा वाटतो, पण खोडल्यावर पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागेल. सेवानिवृत्त शिक्षकाचे हे असे असते. समजून घे आणि तेवढ्या ओळींसाठी क्षमा कर. तू लहान नाहीस. ज्या दिवशी मी तुझ्या कार्यालयात आलो, त्या दिवशी दारावरच्या माणसाने मला "मॅडमचे वडील का?" असे विचारून स्वतः उठून खुर्ची दिली. काचेपलीकडे तू उभी राहून काहीतरी समजावून देत होतीस आणि तुझ्या दुप्पट वयाचे दोन गृहस्थ वहीत उतरवून घेत होते. मला आवाज ऐकू येत नव्हता, परंतु तुझा उजवा हात हवेत ज्या पद्धतीने फिरत होता ती पद्धत माझी आहे. फळ्यासमोर मी तसाच हात फिरवीत असे. हे मी तुला तिथे सांगणार होतो. मग संध्याकाळी ती फाइल सापडली आणि राहून गेले.

परतीच्या प्रवासातली गंमत सांगायची राहिली. विमान आपल्या गावावरून, तालुक्यावरून, बहुधा आपल्या घराच्या पत्र्यावरूनही उडत पुण्याला गेले, आणि मग मी स्वारगेटहून एसटीने त्याच वाटेने साडेतीन तास मागे आलो. तासाभरात हैदराबादहून पुण्याला येणाऱ्या माणसाला तिथून इंदापूरला यायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो, याला प्रगती म्हणावे की काय, हे तू सांग. भिगवणला गाडी थांबली तेव्हा चिलापी तळल्याचा वास आत आला. पळसदेवाच्या फाट्यावर दहा-बारा तरुण उतरले. उघडे पडलेले देऊळ पाहायला चालले होते. एकाने मला विचारले, "काका, तुम्ही पाहिले आहे का?" मी त्या देवळासमोर जत्रेत हरवलो होतो, हे त्याला सांगत बसलो नाही. नुसते "हो" म्हणालो.

घरी आल्यावर तुझ्या आईने पहिल्यांदा तुझी तब्येत विचारली. मी म्हणालो, उत्तम आहे, थोडी बारीक झाली आहे. ती म्हणाली, बारीक झाली म्हणजे काय? मी म्हणालो, काम असते. एवढ्यावर तिने विषय सोडला, पण काल रात्री दिवा मालवल्यावर ती अंधारात म्हणाली, "तुम्ही आल्यापासून पाण्याचेच बोलता आहात." मी झोपल्याचे सोंग घेतले. ताई, मी तिच्याशी चाळीसएक वर्षे संसार केला आहे; तिला एवढ्यावरूनच निम्मे समजलेले असणार. देव्हाऱ्यामागच्या फळीवर नोटीस ठेवून तिच्यासमोर रोज पूजा करणे मला जमत नाही. आजोबांना ते कसे जमले, हे मला आता खरोखरच कळेनासे झाले आहे.

म्हणून एवढेच ठरवले आहे की पुढच्या रविवारपर्यंत मी तिला काही सांगणार नाही. तोवर तू स्वतः फोन करून सांग. तुझ्या तोंडून ऐकले तर ती रडेल, रागावेल, आणि लगेच तुझ्याकडे यायला निघेल. माझ्या तोंडून ऐकले तर ती माझ्यावर रागावेल आणि तुझ्याशी दोन महिने नेहमीसारखेच बोलत राहील, ते जास्त वाईट. जावईबापूंना ठाऊक आहे की नाही, हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही. धाकट्याला मात्र सांगू नकोस. तो संगणकावर काहीतरी वाचून आम्हां सर्वांची झोप घालवील.

माळावरच्या केळीला पाणी कमी पडते आहे. पाऊस वेळेवर आला तर धरण भरेल आणि जुने गाव पुन्हा आत जाईल. पुढच्या वेळी तुझी आई तुझ्याकडून परत निघेल तेव्हा तिलाही डाव्या बाजूची जागा घे.

ती दळण घेऊन परत येण्याची वेळ झाली. पाकीट बंद करतो. पिल्लूला अनेक आशीर्वाद; त्याची पेन्सिल चुकून माझ्या खिशात आली आहे.

तुझे,
अण्णा

ता. क. : इकोची तारीख कोणती मिळाली, एवढेच कळव. वेळ नसेल तर नुसता आकडा लिही. अंगठा पाठवू नकोस. आणि ते पाकीट तू जर एक दिवसाआड घेत असशील, तर तेही कळव, कारण तरीसुद्धा माझा हिशेब जुळत नाही.